आयोवाच्या राज्य जत्रेत तात्यांबरोबर चार दिवस

माझे वडील, ज्यांना घरीदारी सगळे तात्या म्हणतात, २०२३ च्या जूनमध्ये शिकागोजवळच्या नेपरव्हिल येथे आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना शहरातले उंच मनोरे दाखवले, मिशिगन सरोवराच्या काठावर फिरवले आणि देवळातही नेले. ते सगळीकडे आले, सगळे नीट पाहिले, पण खटाव तालुक्यात खिलार बैलांच्या संगतीत पन्नास वर्षे काढलेल्या माणसाचे मन त्यात रमत नव्हते. एका रात्री जेवताना त्यांनी विचारले, "इथं जनावरांचा बाजार कुठं भरतो?" या एका प्रश्नातून आमची आयोवा स्टेट फेअरची सहल ठरली.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांची अशी एक वार्षिक जत्रा असते. तिचे मूळ देवस्थानात नसून शेतीच्या प्रदर्शनात आहे. १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावी एल्काना वॉटसन यांनी दोन मेरिनो मेंढ्या चौकात उभ्या करून लोकांना दाखवल्या, तिथून ही परंपरा सांगितली जाते, आणि राज्य पातळीवरची पहिली जत्रा १८४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूस येथे भरली. आयोवाची जत्रा १८५४ मध्ये फेअरफील्ड गावी सुरू झाली, काही वर्षे गावोगाव फिरली, १८७९ मध्ये राजधानी डे मॉइन येथे आली आणि १८८६ पासून आजच्याच मैदानावर भरते. १८९८ साल, दुसऱ्या महायुद्धाची वर्षे आणि २०२० ची साथ असे मोजके खंड सोडले तर ती अखंड चालू आहे. अकरा दिवसांत दहा लाखांहून जास्त माणसे तिथे येतात. इलिनॉयची स्वतःची जत्रा आम्हाला जवळ होती, पण जनावरांच्या बाबतीत आयोवाचे नाव मोठे आहे, आणि डे मॉइनमध्ये तात्यांना दाखवावी अशी आणखी एक गोष्ट होती, ती पुढे येईलच.

आखणी करताना मी प्रथम एक चूक केली. गाण्यांचे कार्यक्रम, पाळणे आणि खाण्याचे तंबू यांची यादी करून मी दिवसांचे तुकडे पाडले होते. ती यादी पाहून पत्नी म्हणाली, "तात्यांना जे पाहायचं आहे, ते यात कुठं आहे?" मग मी सगळे पुसून जनावरांच्या परीक्षणाचे वेळापत्रक समोर घेतले आणि बाकीच्या गोष्टी त्याभोवती बसवल्या. अशा जत्रेला जाणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे, कारण पाळणे आणि तळलेले पदार्थ कोणत्याही गावी मिळतात, पण चौदा वर्षांची मुले स्वतः वाढवलेली कालवड परीक्षकापुढे उभी करतात, ते दृश्य ठराविक सकाळीच पाहायला मिळते. मुलांची परीक्षणे जत्रेच्या पहिल्या भागात असतात. शिवाय पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती, आणि अशा वेळी उमेदवार आयोवाच्या जत्रेला हमखास येतात. पहिल्या शनिवारी मोठे उमेदवार येणार म्हणजे वाटा बंद आणि गर्दी अफाट, म्हणून आम्ही १० आणि ११ ऑगस्ट, म्हणजे जत्रेचा पहिला गुरुवार आणि शुक्रवार ठरवला. खोल्या मे महिन्यापासूनच भरू लागतात असे ऐकले होते आणि जूनच्या शेवटी मला एक शहराच्या पश्चिमेला, मैदानापासून बरीच दूर मिळाली. तिकिटे आधी घेतली, ती दारापेक्षा स्वस्त पडतात.

राहिला खाण्याचा प्रश्न. तात्या माळकरी आहेत आणि ही जत्रा डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध. त्यात तो अधिक श्रावण होता. पत्नीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले आणि शनिवारच्या एकादशीसाठी राजगिऱ्याचे लाडू असा डबा बांधला. तात्यांच्या गुडघ्यांसाठी मी घडीची खुर्ची घेतली. तिचा जितका उपयोग झाला, तितका दुसऱ्या कशाचाही झाला नाही.

बुधवार, ९ ऑगस्ट

सकाळी सातला निघालो. अंतर सुमारे पाचशे किलोमीटर, वाट सरळ पश्चिमेची. तीन तासांत मिसिसिपी नदी आली. पुलावरून जाताना तात्यांनी हात जोडले, जसे ते साताऱ्याकडे जाताना पुलावर कृष्णेला जोडतात. पलीकडे आयोवा. वॉलकॉट येथे महामार्गाला लागून १९६४ पासून चालणारा ट्रकचालकांचा अवाढव्य थांबा आहे, जगातला सर्वांत मोठा म्हणून तो ओळखला जातो. तिथे चहासाठी उतरलो आणि लगेच पुढे लागलो.

त्यानंतरचे अडीच तास फक्त मका आणि सोयाबीन. मक्याला तुरे आले होते, सरी इतक्या सरळ होत्या की गाडीतून पाहताना पंखा उघडमीट केल्यासारख्या दिसत. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रान एवढं, पण रानात माणूस दिसत न्हाई." ते खरे होते. शंभर मैलांत आम्हाला शेतात उभा असलेला एकही माणूस दिसला नाही. या राज्यात माणसे सुमारे बत्तीस लाख आहेत आणि डुकरे दोन कोटींहून अधिक, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी ती डुकरे कुठे आहेत असे विचारले. मी दूरवरच्या लांबट पांढऱ्या छपरांकडे बोट दाखवले.

दुपारी डे मॉइनला पोचल्यावर खोलीवर न जाता आधी नदीकाठच्या एका जुन्या दगडी इमारतीपाशी गेलो. हे शहराचे पूर्वीचे ग्रंथालय. आज तिथे जागतिक अन्न पुरस्काराचे स्मारक-भवन आहे आणि त्याला नॉर्मन बोरलॉग यांचे नाव दिले आहे. बोरलॉग याच राज्यातल्या क्रेस्को गावाजवळच्या शेतकऱ्याचे पोर, त्यांच्या बुटक्या गव्हाने आपल्याकडची धान्याची टंचाई हटवायला मोठा हात लावला, आणि १९७० मध्ये त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. पुढे त्यांनीच हा पुरस्कार सुरू केला. १९८७ चा पहिला पुरस्कार एम. एस. स्वामिनाथन यांना मिळाला, आणि १९९८ चा जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना. तात्यांना मी हे सांगितले, तेव्हा ते थबकले. "जालन्याचे? महिकोचे?" त्यांनी दोनदा विचारले. बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात सुरू केलेल्या त्या कंपनीच्या पिशवीतले संकरित ज्वारीचे बियाणे आमच्या माळावर आजोबांनी पेरले होते, आणि पहिल्या वर्षी कणसे पाहायला वस्तीवरची माणसे आली होती, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. इमारत आम्ही बाहेरूनच पाहिली. तात्यांनी पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी शहरातून मिरवणूक निघते. सोनेरी घुमटाच्या विधानभवनाकडून ती खाली येते. शाळांची बँडपथके, घोडे, आणि जुने ट्रॅक्टर, त्यांवर त्यांच्याइतकेच जुने शेतकरी. लोकांनी दुपारपासून खुर्च्या मांडून जागा धरल्या होत्या. आमचीही एक खुर्ची त्या रांगेत गेली.

गुरुवार, १० ऑगस्ट

गाडी मैदानापाशी नेण्याऐवजी विधानभवनाजवळ ठेवून जत्रेच्या बसने गेलो. म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा, कारण बस थेट दारापाशी सोडते आणि परतताना दमलेल्या पायांना वाहनतळ धुंडाळावा लागत नाही.

आठ वाजता आम्ही गोठ्यात होतो. गोठा हा शब्द अपुरा आहे. विटांची ती जुनी इमारत इतकी मोठी आहे की तिच्यात आमचे गाव वस्तीसह बसेल. दोन्ही बाजूंना दावणी, खाली पेंढ्याचा जाड थर, डोक्यावर घुरघुरणारे पंखे, आणि दावणीपाशीच खाटा टाकून झोपलेली मुले. काळे अँगस, पांढऱ्या तोंडाचे हेरफर्ड, तांबूस शॉर्टहॉर्न. मुली जनावरांना साबणाने धूत होत्या, मोठ्या फुंकणीने अंग वाळवत होत्या, पायांचे केस कंगव्याने वर फिरवून कात्रीने कातरत होत्या. तात्या म्हणाले, "बेंदूर हाय की रं हे." आमच्याकडे बेंदराच्या सकाळी बैल ओढ्यावर नेऊन धुतात, शिंगे घासून त्यांना हिंगूळ लावतात, अंगावर झूल चढवतात. इथे रंग नव्हता, झूल नव्हती, पण जनावराच्या अंगावरून फिरणाऱ्या हाताचा वेग तोच होता.

त्यांच्या लक्षात आलेल्या दोन गोष्टी माझ्या नजरेतून सुटल्या असत्या. पहिली, एकाही जनावराला वशिंड नव्हते. मी त्यांना सांगितले की वशिंडाची ब्राह्मण नावाची अमेरिकन जात दक्षिणेकडच्या उष्ण राज्यांत आहे, आणि ती आपल्याच गुरांपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२६ पर्यंत भारतीय वंशाची तीनशेहून कमी जनावरे या देशात आली, त्यांत गीर, काँक्रेज, ओंगोल यांच्याबरोबर आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली जातही होती. आज कृष्णाकाठी ती जात शोधावी लागते, आणि तिचे रक्त टेक्सासच्या कुरणांत चरत आहे, या गोष्टीचे तात्यांना दिवसभर वाईटही वाटत राहिले आणि बरेही.

दुसरी गोष्ट, कालवडींना आणि खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांना वेसण नव्हती. पाचशे-सहाशे किलोचे जनावर, आणि त्याच्या तोंडाभोवती नुसती दोरीची मोरकी. माझ्या मुलीच्याच वयाची, अकरा-बारा वर्षांची एक मुलगी असा काळा गोऱ्हा धरून आमच्या अंगावरूनच पुढे गेली. "येसण न्हाई, कासरा न्हाई, आन् हे मुंगीएवढं पोर," असे म्हणत तात्या तिच्यामागून चालू लागले, आणि आम्ही त्यांच्यामागून.

ती १९०२ मध्ये बांधलेल्या परीक्षणाच्या मंडपात गेली. इथे आम्ही साडेतीन तास बसलो. मुलांच्या या कामाला इथे ४-एच म्हणतात. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चारही इंग्रजी शब्दांचे पहिले अक्षर एच, म्हणून हे नाव आणि चार पाकळ्यांचे हिरवे चिन्ह. या चळवळीच्या पायाभरणीत आयोवाच्याच क्लॅरिंडा भागातल्या जेसी फील्ड या शिक्षिकेचे काम मोलाचे मानतात. मुले भुशाच्या रिंगणात जनावरे गोल फिरवतात, मग रांगेत उभी करतात. प्रत्येकाच्या हातात टोकाला आकडी असलेली लांब काठी असते. तिने जनावराचे पाय योग्य जागी सरकवायचे आणि मध्येच पोटाखाली हळूच खाजवून त्याला शांत ठेवायचे. मारण्यासाठी ती काठी एकदाही उचलली गेलेली मी पाहिली नाही.

खरे शिक्षण त्यानंतर होते. क्रमांक लावून झाल्यावर परीक्षक ध्वनिक्षेपक हातात घेतो आणि पहिले जनावर दुसऱ्याच्या वर का, दुसरे तिसऱ्याच्या वर का, याची कारणे सगळ्यांदेखत सांगतो: पाठ किती सपाट, चाल किती मोकळी, मांडी किती भरलेली, खूर जमिनीवर कसा पडतो. हरलेल्या मुलालाही आपले कुठे उणे पडले ते ऐकू येते. माझी मुलगी आजोबांच्या कानाशी त्याचे मराठी करत होती, पण तिसऱ्या फेरीपासून तात्या तिच्या आधीच सांगू लागले. "त्यो मागनं दुसरा पाहा, पुढचा पाय बाहीर टाकतोय, त्याला नंबर न्हाई मिळायचा." पाच फेऱ्यांपैकी तीनदा त्यांचा पहिला क्रमांक आणि परीक्षकाचा पहिला क्रमांक एकच निघाला. आमच्या बाजारात दात पाहून वय ठरवतात आणि रुमालाखाली बोटे धरून किंमत ठरते. तिथे गुण-दोष व्यापाऱ्याच्या पोटात राहतात. इथे ते मुलांपुढे उघडे करून सांगतात, हा मला दोन्हींतला सर्वांत मोठा फरक वाटला, आणि पुसेगावच्या यात्रेतही कोणीतरी असा ध्वनिक्षेपक हाती घ्यावा असे मनापासून वाटले.

तात्यांनी तो प्रश्न विचारलाच. यातली कोणती घरी जातात? मी खरे ते सांगितले: कालवडी बहुधा परत जातात, गोऱ्हे कत्तलीला. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने दावणीपाशी सकाळची ती मुलगी गोऱ्ह्याच्या मानेवर गाल टेकून बसलेली दिसली, तिच्या बाजूला दुसऱ्या क्रमांकाची लाल फीत होती. तात्या उभे राहिले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "आपुन बैल इकला तरी त्याचं दावं घरी ठिवतो. हिला ठिवू देत्यात का इचार." मी विचारले. तिची आई म्हणाली की मोरकी तिच्याच खोलीत राहते, आधीच्या दोन वर्षांच्या दोन मोरक्या खुंटीवर आहेत. हे ऐकल्यावर तात्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

दुपारी उकाडा वाढल्यावर झाडाखाली डबा सोडला आणि मग १९०४ च्या शेतीभवनात शिरलो. लोण्याची गाय पाहायची तर इथेच. १९११ पासून ही प्रथा आहे. लाकूड, लोखंड आणि जाळीच्या सांगाड्यावर सुमारे २७० किलो लोणी चढवून खऱ्या मापाची गाय घडवतात आणि काचेमागे चार अंश सेल्सियसच्या थंडीत उभी करतात. नॉर्मा लायन या शेतकरी बाईंनी १९६० पासून २००५ पर्यंत ती घडवली, २००६ पासून सारा प्रॅट घडवतात. तेच लोणी पुढची काही वर्षे पुन्हा वापरतात. त्या वर्षी गायीच्या जोडीला जॅक ट्राइस, कर्ट वॉर्नर आणि केटलिन क्लार्क हे आयोवाचे तीन खेळाडूही लोण्यात होते. तात्यांनी मात्र गायीचे खांदे न्याहाळले. बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते, वर्षभर जू ओढून कडक झालेल्या बैलाच्या खांद्याला लोणी आणि हळद चोळतात. "हिला सगळीच लोण्याची केली," ते म्हणाले, आणि बराच वेळ काचेपाशी थांबले. मागे रांग होती, तरी कोणी त्यांना घाई केली नाही.

शुक्रवार, ११ ऑगस्ट

आजचा दिवस पत्नीचा आणि मुलीचा. एल्वेल अन्नभवनात मुरंबे, लोणची आणि पाव यांची परीक्षणे प्रेक्षकांसमोर होतात. परीक्षक चमचाभर चाखतात, पाणी पितात, कागदावर लिहितात, आणि काचेच्या फडताळांत बक्षीसपात्र बरण्या प्रकाशात चमकत असतात. पत्नीने साखरेचा पाक किती पारदर्शक ठेवला आहे हे पाहून वहीत काहीतरी टिपून घेतले. गोधड्यांच्या दालनात ती त्याहून जास्त रेंगाळली. तिथे वातानुकूलन असल्याने दुपारच्या दोन तासांसाठी ती इमारत आम्ही मुद्दाम राखून ठेवली होती, आणि तात्यांनी तिथे खुर्चीत एक डुलकी काढली.

डुकरांच्या इमारतीत त्या वर्षीचा सर्वांत वजनदार वराह पेंढ्यावर पसरला होता. या स्पर्धेत २०१२ मध्ये १,३३५ पौंडांचा, म्हणजे सहाशे किलोंहून जड, वराह आला होता. मुलीला तो पाहायचा होता, तात्या दारापाशीच थांबले. त्यानंतर दोघे मिळून १९२१ पासून चालणाऱ्या जुन्या गिरणीच्या जलमार्गावर लाकडी होडीत बसले आणि अंधाऱ्या बोगद्यातून हसत बाहेर आले. खाण्यात तात्यांनी दोनच गोष्टी मान्य केल्या: भाजलेले गोड कणीस आणि मधाचे लिंबूपाणी. शाकाहारी माणसाने इथे तळलेल्या पदार्थांच्या तेलाची आधी चौकशी करावी. आम्ही केली, आणि बहुतेक ठिकाणी नमस्कार करून पुढे गेलो.

संध्याकाळी भल्यामोठ्या पर्शेरॉन आणि बेल्जियन घोड्यांच्या सहा-सहांच्या जोड्या गाड्या ओढताना पाहिल्या. त्यांच्या टापांनी खुर्चीचे पाय हलत होते.

शनिवार, १२ ऑगस्ट

एकादशी. तिकिटे संपली होती आणि ठरल्याप्रमाणे सकाळी घरी निघायचे होते, पण त्याआधी तात्यांना मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गोष्टीसाठी थांबायचे होते. जनावरांचे सामान विकणाऱ्या दुकानात त्यांनी निळ्या-पांढऱ्या दोरीची एक मोरकी निवडली. गाठी ओढून पाहिल्या, नाकावरचा पट्टा स्वतःच्या मनगटाभोवती फिरवून रुततो का ते तपासले, आणि पैसे देताना मला पाकीट काढू दिले नाही.

परतीच्या वाटेवर लाडू खाऊन झाल्यावर ती मोरकी त्यांच्या मांडीवर होती. ओढले की आवळणारी आणि सोडले की आपोआप सैल पडणारी हनुवटीखालची गाठ त्यांनी हळूहळू पूर्ण सोडली. मुलगी दोरीचे टोक धरून बसली होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मिसिसिपीचा पूल येण्याच्या थोडे आधी ती गाठ जशीच्या तशी बसली. मग त्यांनी ती पुन्हा सोडून नातीच्या हातात दिली.